सह्या झाल्या, शिकलो ते कुठे लिहिलं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या भागांत काम करणाऱ्या माझ्या सर्व विशेषज्ञ सहकाऱ्यांना, आणि आपापल्या वैद्यकीय संघटनांच्या शाखांच्या व सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निपाणी भागात छोटं प्रसूतिगृह चालवणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हे पत्र मेडिकल कौन्सिललाही पाठवता आलं असतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण मला जे हवं आहे त्यातलं बरंचसं कौन्सिलच्या परवानगीवाचून, येत्या महिन्यापासून आपल्याला करता येईल. म्हणणं एवढंच आहे: एमडी, एमएस, डिप्लोमा झाल्यावर आपण पुढे जे शिकत राहतो, त्याची नोंद आपण ठेवत नाही. आपण कुठे कुठे हजर होतो, याची ठेवतो. या दोहोंत फार अंतर आहे आणि त्या अंतराचा भार रुग्णांवर पडतो.

नियम सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणाच्या (सीएमईच्या) कार्यक्रमांना हजर राहावं, असं म्हटलेलं आहे. कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडचं रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल या तीस तासांवर होतं आणि सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे महाराष्ट्रातही आकडा तीसचाच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, त्यांतही तीस तास कायम होते. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले आणि आपण पुन्हा २००२ वर आलो. हिशोब केला तर वर्षाला सहा तास होतात. एका रविवारी भरतात.

मी या नियमाच्या विरोधात नाही. एवढं तरी हवंच. पण रिन्यूअल जवळ आलं की आपण फाईल काढतो, सर्टिफिकेटं जुळवतो, तासांची बेरीज करतो आणि बेरीज तीसच्या वर गेली की निर्धास्त होतो. त्या प्रत्येक कागदावर नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख, विषय, तास आणि सह्या असतात. सोमवारी सकाळी ओपीडीत बसल्यावर माझ्या हातून काय वेगळं झालं, हे लिहायला त्यावर जागा नसते, आणि आपणही ते दुसरीकडे कुठे लिहून ठेवत नाही.

अशा सभांनी काय साधतं, हे मोजलं गेलेलं आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात ८१ चाचण्या एकत्र केल्या होत्या. शैक्षणिक सभांमुळे डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात साधारण सहा टक्क्यांची सुधारणा दिसली. शंभर वेळा जे करायला हवं, ते आधीपेक्षा सहा वेळा जास्त झालं. हे शून्य नाही, म्हणून सभा बंद करा असं कुणी म्हणू नये. व्याख्यानाला चर्चेची आणि सरावाची जोड होती, तिथे परिणाम जास्त होता, हेही त्याच आढाव्यात आहे. आणि जे वागणं बदलायला अवघड, गुंतागुंतीचं, तिथे सभांचा उपयोग कमी झाला. आपलं बहुतेक काम याच जातीचं आहे.

यावर कुणी म्हणेल, मला काय येतं आणि काय येत नाही ते माझं मला कळतं. हेही तपासून झालं आहे. डॉक्टरांनी स्वतःबद्दल केलेला अंदाज आणि बाहेरून मोजलेलं कौशल्य यांची तुलना करणारा एक मोठा आढावा २००६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. दोहोंचा मेळ बहुतेक ठिकाणी बसला नाही. आणि ज्यांचं कौशल्य सर्वांत कमी व आत्मविश्वास सर्वांत जास्त, त्यांचा अंदाज सर्वांत जास्त चुकला. म्हणून नोंद हवी, आणि त्या नोंदीत आपल्या मनाला काय वाटतं याच्याबरोबर मोजलेला आकडा हवा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. माझ्या विषयातलं आहे, पण इतर विषयांच्या सहकाऱ्यांनीही वाचावं.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत १६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी त्यात होते. हातांनी काम केलं ते एएनएम सिस्टरांनी, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकांनी, लोकांच्या घरी आणि उपकेंद्रांत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचायला हात लागतो. म्हणून प्रश्न असा होता की, तोंडाने द्यायच्या गोळीने भागेल का? बाळ झाल्यावर निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम दिलं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. लिटरभर किंवा त्याहून जास्त जाण्याचं १.२ वरून ०.२ वर. २००६ मध्ये ही चाचणी 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. २०११ मध्ये बाळंतपणातला रक्तस्राव रोखण्यासाठी हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. जगातल्या असंख्य उपकेंद्रांत आज दिल्या जाणाऱ्या गोळीमागे आपल्या जिल्ह्यातल्या सिस्टरांचं काम आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

पण मला सांगायचं आहे ते गोळीपेक्षा त्या चाचणीत रक्त कसं मोजलं त्याबद्दल. बाळंतिणीच्या कमरेखाली खुणा असलेली, खाली निमुळती होत जाणारी प्लास्टिकची पिशवी लावत. वार पडेपर्यंत आणि नंतरही जे रक्त जाईल ते तिच्यात जमायचं आणि आकडा वाचून लिहायचा. याच पिशवीशी नजरेच्या अंदाजाची तुलनाही बेळगावात झाली. डोळ्यांनी सांगितलेलं रक्त पिशवीतल्या रक्तापेक्षा एक तृतीयांशाने कमी निघालं. बघणारे कितीही अनुभवी असोत, तरीही चादरीत, कापसात, बादलीत मुरलेलं रक्त डोळ्यांना दिसत नाही.

मग २०२३ साल पाहा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर एक अभ्यास झाला. खुणांच्या पिशवीने रक्त मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एका दमात सुरू करायचं, एकेकाची वाट बघत बसायचं नाही. जिथे असं केलं तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा मृत्यू, या तिन्हींचं एकत्रित प्रमाण १.६ टक्के होतं, नेहमीची पद्धत होती तिथे ४.३ टक्के. रक्तस्राव होतो आहे हे वेळेत ओळखण्याचं प्रमाण जिथे नेहमीची पद्धत होती तिथे ५१ टक्के, आणि पिशवी होती तिथे ९३ टक्के.

आता मला सांगा. या विषयावरच्या सीएमईला आपण सगळे बसलो आहोत. तासांचं क्रेडिट मिळालं, फाईलला लागलं. आपल्यापैकी कितीजणांच्या लेबर रूममध्ये आज प्रत्येक बाळंतिणीखाली खुणांची पिशवी असते? केस पेपरवर रक्तस्रावाच्या रकान्यात मिलिलिटरचा आकडा असतो की 'नॉर्मल' एवढंच लिहिलेलं असतं? हा प्रश्न टोचण्यासाठी विचारत नाही. आपल्याकडे तंबाखूच्या वखारीत, उसाच्या फडात राबणाऱ्या बायका मुळातच रक्त कमी घेऊन बाळंतपणाला येतात. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला तिनेकशे मिलिलिटरही परवडत नाहीत. बेळगावच्या गावांत जे वीस वर्षांपूर्वी मोजलं गेलं, ते बेळगावच्याच गावांत आज मोजलं जातं की नाही, हे आपल्या कुठल्याही सर्टिफिकेटवरून कळणार नाही. ते फक्त आपापले केस पेपर काढून मोजल्यावर कळेल. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ होते. राज्यांच्या सरासऱ्या आहेत, त्यांवरून एका तालुक्याचं काही सिद्ध होत नाही. तरी नाक्याच्या अलीकडे राहणाऱ्या मला तो फरक विसरता येत नाही.

म्हणून मी वही ठेवते. साधी, रेघांची. एका पानावर एकच प्रश्न. प्रश्न नेहमी रुग्णाकडून आलेला असतो, पुस्तकातून नाही: अमुक प्रकारच्या बाईला अमुक त्रास झाला, तेव्हा मी हे केलं, दुसरं काही करता आलं असतं का? त्याखाली मी उत्तर कुठे शोधलं ते लिहिते, कुठली मार्गदर्शक तत्त्वं वाचली, कोल्हापुरात किंवा बेळगावात कुणाला फोन करून विचारलं, कुठल्या सभेत त्यावर ऐकलं. मग त्यातून माझ्या दवाखान्यात काय बदलायचं ठरलं. सिस्टरांना सांगितलं का, कधी सांगितलं, कानडीत आणि मराठीत दोन्हीत सांगितलं का. आणि तीन महिन्यांनी परत येऊन त्याच पानावर खाली आकडा लिहायचा: लागोपाठच्या तीस केस पेपरांपैकी कितींत ठरल्याप्रमाणे झालं. आकडा वाईट आला तरी तो खोडायचा नाही. पुढच्या तिमाहीला पुन्हा मोजायचं. रुग्णाचं नाव, गाव, तारीख, आयपी नंबर यातलं काहीही या वहीत जात नाही. शिकण्यासाठी त्याची गरज पडत नाही.

ऑडिट करून, म्हणजे असं आपलंच काम केस पेपरांवरून मोजून, आकडे दाखवण्याचा परिणामही जादूसारखा नसतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १४० अभ्यासांच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात तो सरासरी चार टक्क्यांच्या थोडा वर होता. पण कुठे जास्त उपयोग होतो तेही तिथे स्पष्ट आहे: मुळात काम कच्चं असेल तिथे; आकडे दाखवणारा वरिष्ठ किंवा बरोबरीचा सहकारी असेल तर; एकदाच न दाखवता पुन्हा पुन्हा दाखवले तर; तोंडी आणि लेखी दोन्ही सांगितलं तर; आणि कुठवर पोचायचं, कसं पोचायचं हे ठरवून दिलं तर. या सगळ्या अटी आपल्यासारख्या छोट्या गावांतल्या डॉक्टरांना पाळता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. एक वही आणि महिन्यातून एकदा ती वाचून दाखवता येईल असा एक विश्वासू सहकारी पुरतो.

दुसऱ्या देशांनी हे कसं केलं ते थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२३ पासून प्रत्येक डॉक्टरला वर्षाला ५० तास निरंतर विकासाची नोंद ठेवावी लागते. त्यातले निदान २५ तास आपल्याच कामाचा आढावा घेणं आणि परिणाम मोजणं यांवर गेले पाहिजेत. व्याख्यानं, वाचन, कोर्स यांना निदान साडेबारा तास, उरलेले यांपैकी कशालाही. वर्षाच्या सुरुवातीला लेखी योजना करायची, शेवटी ती तपासायची, आणि कागद तीन वर्षं जपून ठेवायचे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पाच वर्षांनी होणाऱ्या पुनर्तपासणीत हजेरीच्या कागदांबरोबर कामात केलेल्या सुधारणा, घडलेल्या गंभीर घटना, सहकाऱ्यांचं आणि रुग्णांचं मत, तक्रारी आणि कौतुक हेही मांडावं लागतं. तिथल्या डॉक्टरांना कागदपत्रांचा जाच होतो आणि ते तसं बोलूनही दाखवतात. तो जाच आपल्याकडे जसाच्या तसा यावा असं मला वाटत नाही. एकटीने दवाखाना चालवणाऱ्या, रात्री दोनला सिझेरियन करून सकाळी ओपीडीला बसणाऱ्या बाईला वर्षाला पन्नास तासांचे फॉर्म भरायला लावणं अन्यायाचं होईल. पण त्यांनी शिकण्याचे निम्मे तास आपल्याच कामाकडे वळवले, हा विचार उचलण्यासारखा आहे.

आता सीमाभागाचं खास दुखणं, ज्याबद्दल आपण आपसात बोलतो पण लिहीत नाही. आपण रुग्ण रेफर करतो आणि त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला कळत नाही.

निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, नाहीतर बेळगावला. कागवाड-अथणीचा मिरजेला. खानापूरचा बेळगावला किंवा गोव्याला. उलट दिशेने चंदगडचा बेळगावला येतो. नातेवाईक ठरवतात, रुग्णवाहिका ठरवते, कुणाचा पाहुणा कुठे ओळखीचा आहे ते ठरवतं. राज्याची रेघ ओलांडली की सरकारी कागद थांबतात. योजना वेगळ्या, पोर्टल वेगळं, जिल्ह्याच्या बैठका वेगळ्या. मी माझ्या चिठ्ठीवर लिहिते: वार अडकली, रक्तदाब असा, एवढं सलाईन दिलं, अमुक वाजता निघाली. त्या चिठ्ठीचं उत्तर क्वचितच येतं. बाई वाचली, तर महिन्याभराने लेकराला डोसाला घेऊन येते तेव्हा कळतं. नाही वाचली, तर उडत उडत कानावर येतं, आणि तेही खरं किती, खोटं किती, कळत नाही.

विशेषज्ञाच्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग इथे वाया जातो. मी केलेलं निदान बरोबर होतं का? मी पाठवायला उशीर केला का, की उगाच घाईने पाठवलं? तिथे पोट उघडल्यावर काय दिसलं? रक्ताच्या किती पिशव्या लागल्या? या उत्तरांतून मी जितकं शिकेन, तितकं पंचतारांकित हॉटेलातल्या सत्रातून शिकणार नाही. आणि मोठ्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनाही आमच्याकडून शिकायचं असतं: आमच्याकडे रात्री रक्त मिळत नाही, भूलतज्ज्ञ तासाभराने येतात, गटारी अमावस्येच्या रात्री रुग्णवाहिकेला चालक मिळत नाही. हे माहीत असल्याशिवाय 'उशिरा रेफर केली' असा शेरा मारणं अर्धवट ठरतं.

माझी पहिली मागणी म्हणून ही आहे. आपल्या शाखांनी मिळून एक उत्तराचं कार्ड तयार करावं. रेफरच्या चिठ्ठीलाच जोडलेलं. चार ओळी: पोचली तेव्हा कशी होती, निदान काय ठरलं, काय केलं, शेवट काय झाला, आणि पाचवी ओळ, पाठवणाऱ्या डॉक्टरला काही सांगायचं असेल तर. मराठीत, कानडीत, इंग्रजीत, ज्या भाषेत लिहिणाऱ्याला सोयीचं पडेल त्या भाषेत. रुग्णाची संमती घेऊन, नाव न घालता, नुसत्या आमच्या चिठ्ठीच्या क्रमांकाने. बेळगावच्या शाखेने कोल्हापूर आणि सांगली-मिरजेच्या शाखांशी यावर एक बैठक घेतली तर काम सुरू होईल. दोन्ही बाजूंचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, बरेचसे एकत्र शिकलेले आहेत, घरोब्याचे संबंध आहेत. १९५६ पासून सीमाप्रश्नाने आपल्या बोलण्याचा केवढा भाग व्यापला. तो प्रश्न आपल्या जागी राहो, या कार्डाला कुठल्याही राज्याची हरकत असायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. वहीत लिहिलेलं उद्या कोर्टात आलं तर? ही शंका मी शंभर टक्के खरी मानते. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बहिणीने जीव दिला. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने तिची रुग्ण दगावली होती आणि तिच्यावर थेट खुनाचं कलम लावलं गेलं होतं. ती बातमी वाचल्यानंतर आपल्यापैकी कितीजणी रात्रभर जाग्या राहिल्या, मला माहीत आहे. ब्रिटनमध्येही एका निवासी डॉक्टरच्या खटल्यानंतर, २०१८ च्या सुमारास, आत्मपरीक्षणाच्या नोंदी लिहाव्यात की नाही यावर मोठी खळबळ झाली. अशा वातावरणात 'मनमोकळं लिहा' असा उपदेश मी करणार नाही. केस पेपर कायद्याचा कागद आहे, त्यात जे घडलं ते जसंच्या तसं, वेळेसकट गेलंच पाहिजे. शिकण्याची वही वेगळी. तिच्यात एका रुग्णाची कहाणी नसते, प्रश्न असतो आणि तीस केस पेपरांचा आकडा असतो. या दोहोंची गल्लत होऊ दिली नाही तर भीती बरीच कमी होते.

एकत्र बसून शिकायचं तर केरळकडे पाहा. २००४ पासून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने राज्य सरकारच्या साथीने मातामृत्यूंची गोपनीय चौकशी चालवली आहे. रुग्णाचं, डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव काढून टाकून कागद तज्ज्ञांपुढे जातात. दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न तिथे विचारला जात नाही, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं हा विचारला जातो. ब्रिटनमध्ये असं १९५२ पासून चालू आहे. २०१८-२० च्या त्याच पाहणीत केरळचा आकडा १९ होता. तो केवळ या चौकशीमुळे आला असं म्हणणं बरोबर होणार नाही. मुलींचं शिक्षण, रस्ते, दवाखाने, सगळं त्यात आहे. पण डॉक्टरांनी आपले मृत्यू आपण होऊन मोजायला घेतले, हेही त्यात आहे.

पैशाबद्दल एकच. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीपासून औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घेणं डॉक्टरांना मना आहे. सभा मात्र अजूनही कुणाच्या तरी पैशावर होतात. वहीत सभेची नोंद करताना खर्च कुणी केला तेही लिहावं. व्याख्यानात एकाच औषधाचं नाव किती वेळा आलं ते आठवून लिहावं. कुणाला दाखवायचं नाही, पण लिहिताना आपलं आपल्याला कळतं.

माझ्या विषयाबाहेरच्या सहकाऱ्यांनो, तुमचेही प्रश्न इथलेच आहेत. खानापूरच्या फिजिशियनपुढे सर्पदंश येतो: किती रुग्णांना विषरोधक लस पहिल्या तासात मिळाली? ऊसपट्ट्यातल्या दवाखान्यांत कीटकनाशक प्यालेले येतात: त्या विषावरचं ॲट्रोपीन कसं वाढवलं, कधी थांबवलं, लिहिलेलं आहे का? गाळपाच्या हंगामात तोडणीला आलेल्या टोळ्यांतल्या गरोदर बायका कुठलाही कागद न घेता येतात: त्यांच्यापैकी कितींचा रक्तगट बाळंतपणाआधी ठाऊक होता? बालरोगतज्ज्ञांनी नवजात बाळाचं तापमान जन्मानंतर तासाने किती होतं एवढंच महिनाभर मोजावं. भूलतज्ज्ञांनी सिझेरियनच्या वेळी रक्तदाब किती वेळा खाली गेला ते. एका वेळी एकच. दहा गोष्टी मोजायला घेतल्या की एकही धड मोजली जात नाही.

पदाधिकाऱ्यांकडे दुसरी मागणी अशी: मासिक सभेतला शेवटचा अर्धा तास कुणाही एका सदस्याच्या वहीसाठी राखून ठेवा. स्लाईड नको, पाहुणा वक्ता नको, प्रायोजक तर नकोच. एक प्रश्न, आधीचा आकडा, बदल, नंतरचा आकडा, आणि मग सगळ्यांनी बोलायचं. क्रेडिट मिळो न मिळो. तरीही कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे शाखेने लेखी अर्ज करावा की, अशा ऑडिटच्या सत्राला आणि स्वतः केलेल्या ऑडिटलाही क्रेडिट तास धरावेत. निदान तीसपैकी दहा. त्याच अर्जात हेही असावं की, नाक्यापलीकडे कोल्हापूर-मिरजेत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या मान्यतेने झालेल्या कार्यक्रमाचे तास आपल्या खात्यात सरळ धरले जातील असा स्पष्ट, लेखी नियम असावा. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आहे, बंगळूर पाचशेच्या वर. जवळ जे शिकायला मिळतं ते कागदावर दूर राहू नये. अर्जाचा मसुदा मी लिहून देते, इंग्रजीत. कानडी सहकाऱ्यांनी तो कानडीत करावा. त्यांच्याशिवाय हे पुढे जाणार नाही आणि त्यांचेही रुग्ण त्याच रस्त्याने जातात.

पुढच्या मासिक सभेत वहीसाठीचा असा पहिलावहिला अर्धा तास मला द्या. मी रक्तस्रावाचं पान आणते: पिशवी लावायला सुरुवात केली तेव्हाचा आकडा आणि त्यानंतरचे तिमाहीचे आकडे. सगळे चांगले नाहीत. खुणांच्या पिशव्या कुठे, किती किमतीला मिळतात, आणि पिशवी नसेल तर वजनकाट्यावर कापड तोलून रक्त कसं मोजायचं, तेही दाखवते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर धरलं की काम भागतं. ज्यांना त्याच दिवसापासून मोजायला सुरुवात करायची आहे, त्यांनी आपल्या लेबर रूमच्या सिस्टरांनाही बरोबर आणावं.

आपली सहकारी,
निपाणी भागातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ